अर्धा फळा चौथीचा

पाच वर्षांच्या लेकराला नीट वाचता येतं, हा त्याचा गुन्हा आहे का? मग आपण त्याला शिक्षा कशाची देतो?

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, अक्षरं शिकली ती आमच्या घरातल्या पत्रकांवर. मीही त्यांच्यावरच शिकले. वडील सभा-मोर्च्यांची पत्रकं छापून आणत आणि उरलेल्या कागदांची आमच्या वह्यांना कव्हरं होत. पोरगी 'जाहीर निषेध'पासून 'आपले नम्र'पर्यंत एका दमात वाचायची आणि विचारायची, "आत्या, निषेध केल्यावर काय होते?"

हुशार लेकरू दिसलं की त्याला पिवळ्या व्हॅनमध्ये बसवायचं, ही आमच्याकडची रीत. दादाचं सुलतानपूरला बियाण्यांचं दुकान आहे; तिथं पुड्या मोजून सारख्या वाटायचा पोरीला नाद. त्यानं तिला तालुक्याच्या कॉन्व्हेंटात घातलं. इकडे कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. तिथं तिला इंग्रजी येत नाही म्हणून केजीत बसवलं. पत्रकं वाचणारी पोर सफरचंदं रंगवू लागली.

दिवाळीपर्यंत तिचे प्रश्न थांबले. एका संध्याकाळी पाहिलं, तर ती ओट्यावर जुनं पत्रक घेऊन बसली होती आणि वाचताना ओठांवर बोट ठेवलं होतं. काऊन, म्हणून विचारलं तर म्हणाली, "म्याडम म्हणते, मधात बोलाचं नसते."

त्या बोटानं माझं डोकं फिरलं. मी दादाला म्हटलं, हिला गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाल. तो हसला. "भाषण द्याले तुह्यं काय जाते? तिथं एकाच खोलीत चार वर्ग बसते. एक मास्तर. थो कोणाकोणाले शिकवन?"

त्याचं खोटं नव्हतं. शाळेला सर दोन, पण दुसरे सर बहुतेक वेळ कोणत्या ना कोणत्या सरकारी कामावर असतात, आणि त्यांना असं वर्गातून उचलणं मला मुळीच मान्य नाही. तरी मी हटले नाही. मी म्हटलं, एक दिवस बसून तर पाहू. कॉन्व्हेंटला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही तिघं गेलो.

सरांनी फळ्यावर मधोमध खडूची रेघ मारली होती. डावीकडे पहिलीचं शब्दवाचन, उजवीकडे चौथीचा भागाकार. भाचीला पहिलीच्या पोरींत बसवलं. तिनं डावा अर्धा वाचून संपवला आणि मान उजवीकडे वळवली. चौथीचा एक पोरगा अडला होता. "बाकी दोन राह्यते," ती म्हणाली आणि लगेच बोट ओठांवर नेलं.

सर थांबले. दादाही दारात चुळबुळला. सर म्हणाले, "हात खाली घे, बाई. दोन कसे राह्यले, थे सांग."

तिनं सांगितलं. चौथीतली एक मुलगी सरकली आणि तिला जागा झाली.

मधल्या सुट्टीत दादा वेगळाच माणूस झाला होता. आता त्याला तिचं नाव थेट चौथीत घालायचं होतं. सरांनी ऐकून घेतलं आणि तिची पाटी पुढे केली. उत्तर बरोबर होतं, आकडे मात्र पाटीबाहेर चालले होते. "डोकं चौथीत बसू द्या," ते म्हणाले, "पण हात पहिलीचा हाय. अन् लंगडी खेळाले तिले पहिलीच्याच पोरी लागतीन." बाहेर ती त्याच पोरींशी डाव कुणाचा यावरून भांडत होती. दादा बराच वेळ ते भांडण ऐकत उभा राहिला. दिवाळीपासून तिचा एवढा मोठा आवाज त्यानं ऐकला नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं व्हॅनवाल्याला नको म्हणून सांगितलं.

ज्याला आपण त्या शाळेची गरिबी म्हणत होतो, तीच तिच्या कामी आली. चार वर्ग चार भिंतींत असते, तर तिला दुसऱ्या वर्गाचा फळा दिसलाच नसता. सगळ्या सरकारी शाळा अशा नसतात, हे मला कळतं. पण माझी भाची आता दुसरीत आहे, शाळेच्या कपाटातली इंग्रजी गोष्टींची पुस्तकंही वाचते, आणि परवा तिनं सरांनाच विचारलं की दुसरे सर कुठे जातात.

तेव्हा एक करा. जूनमध्ये प्रवेश घेण्याआधी लेकराचा हात धरून त्या शाळेत जा आणि तासभर मागे बसा. इमारत पाहू नका, बूट-टाय पाहू नका. लेकरू मध्येच बोललं की शिकवणारा काय करतो, तेवढं पाहा. शिकवणाऱ्याचं बोट ओठांवर गेलं, तर लेकराला घेऊन तिथून उठा.