मखमल्याचं माप

माझे सासरे चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होते. अजूनही रस्त्यात एखाद्या मुलाची पॅन्ट घोट्याच्या वर चढलेली दिसली की त्यांचा चेहरा पडतो, जणू गुन्हा त्यांचाच. दुकान बंद केलं तेव्हा पायाचं मशीन घरी आलं आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत खिडकीपाशी बसलं. पण त्यावर उशांच्या अभ्र्यांपलीकडे काही शिवलं जात नव्हतं, आणि अभ्र्याला कसलं आलंय माप! दिवसभरात बाबांचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, सकाळी मखमल्याला फिरवून आणणं.

मखमल्या म्हणजे आमचा कुत्रा. अंगावर काथ्यासारखे राठ केस, म्हणून बाबांनीच थट्टेनं हे नाव ठेवलं. छाती पैलवानाची, कंबर मुठीत मावेलशी, आणि डोकं अंगाच्या मानानं अगदीच लहान. "आहे तेवढी अक्कल मावते त्यात," असं बाबांचं म्हणणं.

गळपट्ट्याला जरा ओढ बसली की तो खोकायला लागला, म्हणून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घसा चाचपून सांगितलं, "श्वासनळी नाजूक झालीये. गळ्यात पट्टा अजिबात नको. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. आत दोन बोटं जातील इतपत घट्ट."

बाबा आणि मी दुकानात गेलो. विक्रेत्यानं मखमल्याकडे न बघताच विचारलं, "वजन किती?"

"वजन कशाला?" बाबा म्हणाले. "तुम्ही काय बटाटे देताय?"

"काका, वजनावरूनच साइज ठरतो. मीडियम बसेल."

मीडियम छातीला बसेना. लार्ज पोटाखाली झोळीसारखा लोंबला. विक्रेता म्हणाला, "बक्कल सरकवून घ्या, होईल बरोबर." बाबांनी तो हार्नेस दोन बोटांनी उचलून परत काउंटरवर ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बक्कल सरकवून बसवायचं, म्हणजे शिंप्यानं हात वर केले असंच की! मी शिवतो."

चार दिवस मशीन चाललं. बॅगांना लावतात तो जाड पट्टा, आतून जुन्या ब्लँकेटचं मऊ अस्तर, पाठीवर दोरी अडकवायला कडी. टीप इतकी सरळ, की यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हातात घेऊन दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. बाबा त्याला हार्नेस म्हणत नव्हते, जाकीट म्हणत होते. मखमल्यानं ते घातलं आणि नव्या गणवेशातल्या मुलासारखा अंग चोरून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी बाबा लवकर परतले. एका हातात रिकामं जाकीट, दुसऱ्या हातात मखमल्याचं मानगूट. कोपऱ्यावर बस आली, मखमल्या बिचकून मागे मागे सरला, डोकं खाली घातलं आणि जाकिटातून सरळ निसटून रस्त्यात. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला.

यांनी आवाज चढवला नाही, पण बोलले ते ठाम. "बाबा, पुन्हा एकदा सुटला तर तुमचं त्याला नेणं बंद. ऑफिसच्या आधी मी नेत जाईन."

"तू? तुला उठवायलाच दोन माणसं लागतात!" बाबा म्हणाले खरे, पण त्यांचा चहा तसाच गार झाला.

दुपारी त्यांनी पुन्हा टेप काढला. मी समोर वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी मखमल्याच्या छातीभोवती टेप गुंडाळला, टेपखाली आपला अख्खा पंजा सरकवला, आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मानेलाही तसंच केलं. तो पंजा मी ओळखत होते. माझ्या मुलीचे सगळे फ्रॉक त्याच पंजानं मापले गेले होते, म्हणून तर एकेक फ्रॉक तीन तीन वर्षं टिकला. सांगावं की नाही, दोन शेंगा सोलेपर्यंत मी विचार केला. त्यांच्या मापाला घरात कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं.

"बाबा, तो पंजा कशाला घालताय?"

"वाढीला. सहा महिन्यांत अंग भरतं, मग काखेत..." आणि ते मध्येच थांबले.

"तो नऊ वर्षांचा आहे, बाबा."

त्यांनी मखमल्याच्या थोबाडावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "म्हणजे आता वाढायचा नाही हा."

"आडवा वाढेल, तुम्ही अशीच चोरून बिस्किटं देत राहिलात तर."

ते हसले नाहीत. "चाळीस वर्षांत अंगाबरोबर एक कपडा शिवला नाही गं मी. पालक काय म्हणतील, हीच धास्ती. आता हात ऐकतच नाही." मग चष्मा पुसला, ब्लेड घेतलं आणि स्वतःचीच सुबक टीप उसवायला बसले.

नवं माप घेताना त्यांचा स्वतःवर विश्वासच बसेना. "घाल बघू दोन बोटं," मला म्हणाले. मी घातली. "तुझी बारीक आहेत. त्याला बोलव." हे आले, त्यांनी घातली. "याची जाड आहेत." शेवटी तिघांची बोटं धरून मधलं माप निघालं.

अंगणात परीक्षा घेतली. मी पुढून दोरी ओढायची, मखमल्यानं मागे सरायचं. पहिल्या खेपेला खांद्यांपुढची पट्टी कानांपर्यंत आली. बाबांनी ती अर्ध्या बोटानं आवळली. पोटाची पट्टी काखेत घासत होती, ती तीन बोटं मागे नेली. दुसऱ्या खेपेला मखमल्यानं चारी पाय रोवले, मुंडी हलवली, पाठ कमानीसारखी केली. जाकीट खांद्यावरून हललं नाही. शेवटी तो कंटाळून खालीच बसला.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हे चपला घालून दारात उभे. "मीही येतो."

"ये की. पण दोरी मी धरणार."

तिघं गेले. मी फाटकात उभी राहून पाहत होते. कोपऱ्यावर बस आली. मखमल्या मागे सरला, हे एकदम पुढे झेपावले, पण बाबांनी दुसरा हात आडवा करून त्यांना थोपवलं. बस निघून गेली. दोरी ताणलेली, आणि दोरीच्या टोकाला मखमल्या, जाकिटासकट. तिघं वळणापलीकडे दिसेनासे झाले.

पाचच मिनिटांत हे एकटेच परत आले.

"बाबा कुठेत?" मी घाबरून विचारलं.

"पुढे गेले," चपला काढत हे म्हणाले. "मला म्हणाले, तू घरी जा. तू असलास की त्याचं चालण्यात लक्ष लागत नाही."