वेसण नसलेलं अस्वल

वाक्याला कर्ता लागतो, असं शाळेत बाई सांगायच्या. जंगलात लागत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटावर सकाळच्या फेरीतून परतलेला जो तो दुसऱ्याला एकच विचारत होता, "दिसला का?" कोण, हे सांगायचं नसतं. हरणं, मोर, गवे, रानकुत्री यांना तिथं कर्ता व्हायचा हक्कच नाही. ज्यांना दिसला नव्हता ते मयतीहून आल्यासारखे जिप्सीतून उतरत होते. आमची फेरी दुपारची होती, ती सुरू व्हायच्या आधीच माझं डोकं फिरलं होतं.

मी आईला घेऊन गेले होते, आणि आईला अस्वल बघायचं होतं.

आईचा सगळा जन्म दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकण्यात गेला. हिंडाफिरायला आलेली माणसं तिनं रोज बघितली, स्वतः कुठं गेली नाही. ती लहान असताना गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. लेकराची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायची तेव्हा रीत होती. आईलाही बसवलं. दरवेशी नाकातली दोरी ओढायचा तशी अस्वलाच्या अंगातून थरथर जायची, ती तिला खाली मांड्यांना कळली. "माझं भेव गेलं का नाय, ठाऊक नाय," ती म्हणते. "पन त्याचं नाक आजून दिसतं मला."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही आणि ती कडेनं जाते. आईला आता समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. ताटातली चटणीसुद्धा तिला मान फिरवून शोधावी लागते. ती माझ्याकडं बजाजनगरला असते. मी वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करते. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाई, डोळं हायेत तवर येक बिनवेसणीचं अस्वल बघू वाटतं." आईनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, वाघाची गॅरंटी आहे का.

जिप्सीत आमच्याबरोबर एक गृहस्थ होते. मांडीवर तान्हं बाळ घ्यावं तसा भलाथोरला कॅमेरा घेऊन बसलेले. निघतानाच मी गाईडला सांगून ठेवलं, आईचे डोळे अधू आहेत, तिला बघायला वेळ लागतो, अस्वल दिसलं तर जरा थांबा. तो "हो ताई, हो ताई" म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, दोनदा हो म्हणणारा माणूस ऐकत नसतो.

एका वळणावर, सागाच्या झाडांमागं, काळं काहीतरी हललं. अस्वलच होतं. आमच्याकडं पाठ करून, वारुळात पंजे घालून निवांत माती उपसत होतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, हे मान्य केलं पाहिजे.

"कुठंय?" आई म्हणाली.

"झाडांच्या पलीकडं, वारुळापाशी. मान डावीकडं घे. अजून."

मी तिचा हात धरला. ती सावकाश मान वळवत होती, मधलं काही निसटू नये म्हणून. तेवढ्यात समोरून दुसरी जिप्सी आली.

"दिसला?" आमच्या ड्रायव्हरनं विचारलं.

"वाघीण आहे, तळ्यावर. पळ."

आणि गाडी उधळली. मी "थांबवा, थांबवा" म्हणत राहिले. गाईड मागं वळून म्हणाला, "ताई, वाघीण निघून जाईल ना."

"आणि अस्वल?"

"येताना थांबू की."

कॅमेरावाले गृहस्थ समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "मॅडम, अस्वल काय, प्राणिसंग्रहालयातही बघायला मिळतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाघही मिळतो," मी म्हटलं. "आमच्या शहरात बागेतल्या पिंजऱ्यात आहेत. तिकीट काढा आणि पोटभर बघा." ते कॅमेऱ्याची काच पुसायला लागले. त्या अस्वलानं या लोकांचं काय घोडं मारलं होतं, मला आजही समजलेलं नाही.

तळ्याकाठी जिप्स्यांचा बाजार भरला होता. माणसं सीटांवर चढून उभी. बसलेल्या आईसमोर नुसत्या पाठी. वाघीण पाण्यातून उठून रस्त्यानं चालू लागली, तशा निम्म्या गाड्या तिच्यापुढं उलट्या आणि निम्म्या मागून सुलट्या निघाल्या. ती थांबली की सगळे थांबत. मी आईला काखेत हात घालून उभं केलं. बऱ्याच वेळानं तिला वाघीण सापडली. बघता बघता ती गाईडला म्हणाली, "हिची दोरी कोनाच्या हातात हाय?"

गाईड हसला. "मावशी, जंगली आहे ती. दोरी कशी असेल?"

आई हसली नाही. खाली बसली.

परतताना ते वारुळाशी थांबले, शब्द पाळल्याच्या थाटात. ओली माती उपसलेली होती, अस्वल कधीच गेलं होतं. गेट बंद व्हायची वेळ झाली म्हणून तिथूनही हाकललं. गेटावर मी चारचौघांना ऐकू जाईल असं भांडले. गाईड थकून म्हणाला, "ताई, वाघ दिसला नाही की लोक आमच्यावर खेकसतात. दिसल्यावर खेकसणाऱ्या तुम्हीच पहिल्या." असेल खरं. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही, आणि तो का व्हावा?

बजाजनगरला जिना चढतोय तोच शेजारीण दारात आली. "दिसला का हो?"

मी तोंड उघडणार, त्याआधीच आई म्हणाली, "दिसलं की. लई मोठं अस्वल. नाकात काय बी नव्हतं."

शेजारीण गोंधळली. आई माझ्याकडं न बघता आत गेली. मी दारात चपला काढत होते, काढतच राहिले. तिला अस्वल दिसलं नव्हतं. गाडी उधळली तेव्हा तिची मान पहिल्या सागापर्यंतच पोचली होती. आणि नाक तर मलाही दिसलं नव्हतं. ते पाठमोरं होतं.