साच्यावरची पट्टी

"चामडं आटतं, किती वेळा सांगू?" नवरा म्हणाला आणि सुजलेला पाय त्याने बाकाखाली ओढून घेतला.

"तुमच्याच जोड्याचं आटतं. माझ्या नाही, पोरीच्या नाही," बायको म्हणाली. "चामड्यालाही माणसं कळतात म्हणायची."

सकाळपासून हेच चाललं होतं. दुकानामागच्या खोलीत, शिलाईच्या यंत्राशेजारी, त्याच्या पायाचा लाकडी साचा पडला होता. घरातल्या प्रत्येकाच्या पायाचा असा साचा फळीवर असायचा. त्यावर चढवून जोडा शिवायचा. नवऱ्याच्या साच्यावर मात्र पट्ट्यांवर पट्ट्या ठोकलेल्या. जोडा आवळला की हा एक पट्टी वाढवणार आणि चामडेवाल्याच्या नावाने खडे फोडणार. उभा जन्म लोकांचे पाय मोजणाऱ्याला आपलाच पाय वाढतोय हे दवाखान्यात जाईपर्यंत सुचलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तरुणपणी पाठ धरायची म्हणून काम शिकवणाऱ्या उस्तादाने त्याला अफूची गोळी दिली होती, मुगाएवढी. हात स्थिर, टाका सरळ. मुगाचा हरभरा झाला, मग हरभऱ्यानेही भागेना. गल्लीने त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं. सावकाशचा जोडा उशिरा मिळतो पण मालकाआधी फाटत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि तोही हसे. पुढे लघवी अडू लागली, फेसाळली. तोंडाची चव गेली. एक दिवस पायाला तेल चोळताना बायकोचा अंगठा रुतला आणि ठसा तसाच राहिला. असा ठसा तिने भिजत घातलेल्या चामड्यावर रोज पाहिला होता. जिवंत पायावर कधीच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. रक्तदाबाकडे कुणी पाहिलं नव्हतं, त्यात इतक्या वर्षांची अफू. दोन्ही मूत्रपिंडं संपत आली होती. लवकरच रक्त यंत्रावर धुवावं लागणार होतं. कुणी एक मूत्रपिंड दिलं तर उपाय होता, पण आधी अफू सुटायला हवी, आणि तीही त्यांच्या देखरेखीखाली, एकदम नाही.

"ती तर मी केव्हाच सोडली," नवरा तिथे म्हणाला होता, डोळ्याला डोळा भिडवून.

त्या शब्दावर मुलीने स्वतःचं मूत्रपिंड देऊ केलं. तपासण्या झाल्या. जुळलं.

आज पाय आणखी फुगला, म्हणून बायकोच नवी पट्टी ठोकायला बसली. वरची पट्टी हलत होती. तिने ती चामडं कापायच्या रापीने उचकटली, तर खाली लाकूड कोरलेलं. खळग्यात कागदाची पुडी, आणि लग्नापासून नाकात बसलेला तो कडवट वास.

"जुनी असेल," तो आता पुटपुटला.

"मऊ आहे अजून."

मुलगी दारात येऊन उभी होती. पुडी तिने पाहिली, मग वडिलांकडे पाहिलं. "असू दे आई," ती हळूच म्हणाली. "तरीही मी देईन."

त्याने मुलीकडे मान वळवली नाही. त्याची नजर बायकोच्या हातातल्या पुडीवर होती, आणि टाका कधी न चुकलेला हात तिच्याकडे पुढे आला. बायको ते बघत राहिली. मग तिने पुडी मुठीत घट्ट धरली.

"उद्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं," ती म्हणाली. "ही पुडी मी डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवणार. पोरीचं मूत्रपिंड मिळणार नाही. ती हो म्हणो, तुम्ही रडा, मी देऊ देणार नाही. आणि गोळीला कामाचं निमित्त नको, दुकान आजपासून बंद."