मावशींनी खोडलेली वाक्ये

मराठी कसं लिहावं हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांना एक अक्षरही वाचता येत नव्हतं. पन्नासच्या दशकात मी मेडशीच्या शाळेत नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हाच्या या माझ्या घरमालकीणबाई. साऱ्या गावाच्या मावशी. मला कथा लिहिण्याचा नाद होता आणि मावशींना त्या ऐकण्याचा. त्या तूर पाखडत बसत, मी ओट्यावर वाचत असे. शब्द खोटा वाटला की सूप थांबे. एकदा माझ्या कथेतली म्हैस मंदगतीने मार्गक्रमण करीत होती. सूप थांबलं. "म्हैस गाभन हाय का, मास्तर?" मी नाही म्हणालो. "मंग कायले हळू चालून राह्यली? लंगडते का उन्हानं थकली? थे लिवा ना." मला राग आला, पण म्हैस लंगडू लागल्यावर ती कथा छापून आली. तेव्हापासून मासिकाच्या संपादकांपेक्षा मला त्या सुपाची धास्ती जास्त.

मावशींची धाकटी बहीण आसेगावला दिलेली. तिच्या मुलीच्या लग्नात मानाच्या लुगड्यावरून दोघींचं बिनसलं होतं, चार वर्षं बोलणं नव्हतं. एका दुपारी मावशींनी तिला लिहायला माझ्यापुढे पोस्टकार्ड ठेवलं. मी जीव ओतून लिहिलं, "तुझ्या विरहाने माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे."

"हे ऐकून थे म्हनंल, बहीन मेली अन् मास्तरानं कळवलं," मावशी म्हणाल्या. मग थांबत थांबत त्यांनीच सांगितलं, "तुही लय आठवन येते. गुडघे धरले, मले येनं होत नाई. तू ये." मी लिहून वाचून दाखवलं. त्यांनी सूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पयलं वाक्य खोडा. ये म्हनलं, त्यात आठवन आलीच."

आठवड्याने बहीण प्रवासी मोटारीतून उतरली. मावशी चौकट धरून दारात आल्या. बहीण म्हणाली, "दाखव गुडघे." आणि खाली बसून तिथेच चोळू लागली. मावशींनी पदर तोंडाला लावला. मी शाळेची वेळ नसताना शाळेत निघून गेलो.

पुढे माझी बदली झाली. नव्या गावाहून मावशींना पत्र लिहायला मला अख्खा रविवार लागला आणि शेवटी चारच ओळी उरल्या. उत्तर आलं नाही. ते पत्र त्यांना कोणी वाचून दाखवलं असेल, आणि वाचणारा कुठे घाईने पुढे तर गेला नसेल ना, असं अजूनही मनात येतं.