लेस्लीच्या हिरवळीला साबणाचा वास

रंगभूमीवर मी राजे केले, खलनायक केले, मिशा काढून सासवाही केल्या. पण माझा शेजारी लेस्ली थ्रेडगोल्ड आपल्या हिरवळीकडे जसा बघायचा, तसं मी कुठल्या नायिकेकडेही पाहिलं नाही. पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस गुडघे टेकून कात्रीने गवताच्या कडा कापायचा. बायकोच्या वाढदिवसाला त्याने गवत कापायचं यंत्र आणलं, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांना ते फार प्रेमळ वाटलं.

त्या उन्हाळ्यात पाऊस रुसला आणि बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली. झालं! आमच्या लिटल स्नेटन या इंग्लिश खेड्यात त्यानंतर करपलेलं गवत म्हणजे खानदानी सभ्यपणा. लोक आपलं पिवळं अंगण पदकासारखं मिरवू लागले. लेस्लीचं तेवढं हिरवंगार.

एका सकाळी उद्यान मंडळाच्या अध्यक्षा मिसेस पिंचबेक त्याच्या कुंपणापाशी थांबल्या.

"मिस्टर थ्रेडगोल्ड, काय टवटवीत दिसतेय हो तुमची हिरवळ!"

लेस्ली पांढराफटक पडला. आमच्याकडे चोराला चोर म्हणत नाहीत, त्याचं असं कौतुक करतात.

खरं तर तो नवराबायकोच्या अंघोळीचं पाणी, उजाडायच्या आत, झारीने गवताला घालायचा.

"मग सांगून टाक ना तिला," मी म्हणालो.

"एका बाईला? माझ्या अंघोळीबद्दल?"

"आणि माझ्या!" स्वयंपाकघरातून त्याची बायको विनी कडाडली. "याच्या गवतापायी मी साबण पुरवून लावते. आता चोराची बायकोही व्हायचं? ते नाही चालायचं. पण अंघोळीचा शब्द काढलास तर बघ. कसं काय ते तुझं तू निस्तर."

अंगणांच्या स्पर्धेचा दिवस उजाडला. पाणीचोर म्हणून लेस्लीला मंडळातून काढायचं, असं आधीच ठरलं होतं. पत्रं वाटून वाटून त्याने गावात नाव कमावलं होतं, ते आज जाणार होतं. मी खिडकीच्या पडद्याआड उभा. परीक्षक फाटकात आले, मिसेस पिंचबेक पुढे.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. अंगात टॉवेलच्या कापडाचा अंघोळीचा झगा, ओले केस, उघड्या पोटऱ्या, हातात वाफाळती झारी. काय एंट्री! मला आयुष्यात जमली नाही. एक शब्द न बोलता लेस्लीने झारी गवतावर ओतली. फेस पसरला, लव्हेंडरचा घमघमाट सुटला. तो आत गेला आणि दुसरी झारी घेऊन आला. एक परीक्षक आभाळ न्याहाळू लागला. मिसेस पिंचबेकचा चेहरा बीटासारखा लाल झाला.

"हिरवळीला साबणाचा वास येतो," त्या कशाबशा म्हणाल्या. "स्पर्धेतून बाद."

"ऐकलंस?" लेस्ली माझ्या खिडकीकडे बघून ओरडला. "साबण म्हणाल्या! चोरी नाही म्हणाल्या!"

"झग्याचा पट्टा नीट बांध आधी!" विनी आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिसेस पिंचबेक पुन्हा कुंपणापाशी आल्या.

"ढग आल्यासारखे वाटतात, नाही?"

"वाटतात खरे," लेस्ली म्हणाला.

झाली, आमच्या गावच्या रीतीने, माफी मागून आणि देऊन. आभाळ अर्थात निरभ्र होतं. मग बाईंनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, पुढे वाकल्या आणि दबक्या आवाजात विचारलं,

"मिस्टर थ्रेडगोल्ड, साबण कोणता वापरता?"