दत्ताकाका आणि बुडालेल्या धंद्यांचं तेरावं

दत्ताकाकाचा एकही धंदा टिकला नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. खोटं कौतुक केलं तर तो वरून शिव्या घालेल, म्हणून आधी खरं ते लिहून टाकलं.

वरंध घाटाच्या रस्त्याला वडापावची गाडी टाकली. पावसात दरड आली आणि रस्ताच बंद झाला.

मग कोंबड्या. त्यांना रोग लागला.

मग मशरूम. ते मात्र झकास आलं! पण आमच्याकडे पावसात रानात अळंबी फुकट मिळते, विकत कोण घेणार? महिनाभर काकाच्या घरी तीच भाजी होती.

पण काकाची एक तऱ्हा होती. धंदा बंद पडला की तो त्याचं तेरावं घालायचा. खरोखरचं. अख्ख्या वाडीला जेवण. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर.

काकी करवादायची, "धंदा बुडवायचा आणि वर पंगती घालायच्या." पण वडे तीच तळायची.

लहानपणी आम्हाला मज्जा वाटायची. मोठी झाल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. काय हा माणूस, नापास झाल्याचे पेढे वाटतो!

मग माझी पाळी आली.

मी आणि सचिन ठाण्यातले जॉब सोडून शिवथरला आलो. बाबांचं घर रिकामंच होतं. घळ बघायला लोक येतात, धबधबा आहे, म्हटलं होमस्टे काढू. रंग काढला, कमोड बसवले, इन्स्टावर पेज. बुकिंगही आली हो!

फक्त एक गोष्ट डोक्यात आली नाही. ज्या सुट्टीत टुरिस्ट येतात, त्याच सुट्टीत आमचे मुंबईकरही गावी येतात.

पुण्याची फॅमिली बॅगा घेऊन अंगणात उभी, आणि आतल्या दोन्ही खोल्यांत डोंबिवलीची आत्या, तिच्या सुना, नातवंडं. आत्या पंख्याखाली पसरलेली. भावाचं घर, विचारायचं काय त्यात?

आणि मी तिला "रूम बुक आहे" म्हणू? दारात आलेल्या आपल्या माणसाला असं म्हणणारी जीभ आमच्या खोऱ्यात अजून जन्माला यायची आहे. पुण्याच्या लोकांना हातापाया पडून महाडच्या लॉजवर पाठवलं.

एकदा नाही, प्रत्येक सुट्टीत हेच. रिव्ह्यू काय आले असतील ते तुम्हीच ओळखा. शेवटी बोर्ड उतरवला.

मग मी घराबाहेर पडायचीच बंद झाले. महाडच्या बाजाराला सचिन एकटा जायचा. कुणी "काय गो, होमस्टे कसा चाललाय?" विचारलं तर काय सांगू? ठाण्याला परत जायचं ठरलं. सचिनने जुन्या ऑफिसात फोन केला. मी भांडी खोक्यात भरायला घेतली.

तेव्हा दत्ताकाका आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तेरावं कधी घालतेस?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला वाट्टेल ते बोलले. तुझ्यासारखी हसं करून घ्यायची हौस नाही मला, असंही बोलले.

तो रागावला नाही. म्हणाला, "अगो, सख्खा माणूस गेला तरी आपण तेराव्याला गोड खातो आणि दुसऱ्या दिवशी शेतात जातो. मग धंद्याचं सुतक जन्मभर पाळायचं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी खूप रडले. तो तिथेच बसून राहिला.

तेरावं घातलं. काकी, काका, सचिन, सगळे राबले. शिमग्याचे दिवस, त्यामुळे मुंबईकरही गावातच होते. आत्याला कोणीतरी सगळं सांगितलं असणार. ती पानावर बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्यापायी बुडाला गो तुझा धंदा. एकदा बोलायचं तरी होतंस." ओशाळली होती बिचारी. मलाच कसंतरी झालं.

आणि मग आत्याची धाकटी सून, वडा मोडता मोडता, सहज बोलून गेली, "खरं सांगू ताई? लग्न झाल्यापासून गावी येतेय. सुट्टीत आयतं ताट पुढ्यात आज पहिल्यांदा आलं."

पंगतीतल्या साऱ्या सुना हसल्या. हसताना एकमेकींकडे बघत होत्या. मी वाढता वाढता थांबले.

काका माझ्याकडेच बघत होता. बोटाने खीर दाखवली, अजून वाढ म्हणून.

त्या पंगतीतूनच आमचा जेवण पुरवायचा धंदा निघाला. आज मे महिना असो की गणपती, शिवथरपासून पार वरंधपर्यंत ज्या घरी मुंबईकर उतरतात, तिथे आमच्या टेम्पोतून जेवण जातं. पैसे देतात, कुरकुर न करता. सुना महिनाभर आधी फोन करून बुकिंग करतात. आत्या अजूनही आमच्याच घरी उतरते, आणि मला ती हवीच असते.

भरलेली खोकी परत रिकामी केली. भांडी कमी पडली म्हणून नवी घेतली.

काकाच्या स्वतःच्या तेराव्याला अंगण पुरलं नाही. लोक त्याचे मेलेले धंदे आठवून हसत होते, आणि काकी डोळे पुसत सगळ्यांत जास्त हसत होती.

मागच्या आठवड्यात पोलादपूरहून एक मुलगी आली. तोंड पार उतरलेलं. तिचं पार्लर बंद पडलंय. जेवणाची ऑर्डर द्यायची होती, पण कशासाठी ते तिच्या तोंडून निघेना.

शेवटी खाली बघत म्हणाली, "ताई, तुमच्या काकांचं ते ऐकलंय. माझ्या पार्लरचं पण घालायचंय."

मी विचारलं, "किती पानं?"

रविवारी वडे तळायला काकी स्वतः जाणार आहे.

दत्ताकाका, तुला मनापासून नमस्कार. तुझा एक धंदा चाललाय रे.