थोरले जेवले का?

कासवाच्या पोटाची जितकी काळजी आमच्या आतोबांनी वाहिली, तितकी समुद्रमंथनाच्या वेळी प्रत्यक्ष देवांनीही वाहिली नसेल. देवांनी त्याच्या पाठीवर डोंगर ठेवला आणि ते घुसळायला लागले. ‘बाबा रे, जेवलास का?’ असं कुणी विचारल्याचं पुराणात कुठं ऐकलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातले, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, डोक्याला काळी टोपी, हातात बारमाही छत्री. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. तेव्हा जयनगरची वसाहत नुकती आखली जात होती. एका रविवारी आत्यानं त्यांना तिथं प्लॉट बघायला पाठवलं. संध्याकाळी ते उघडी छत्री उलटी धरून परतले आणि छत्रीत दोन कासवं होती. शेजारचं तळं बुजवायला काढलं होतं, त्यातली. “अगं, प्लॉट बरा होता,” ते म्हणाले, “पण यांची सोय आधी बघायला हवी होती.” तेवढ्यात प्लॉट दुसऱ्याच कुणी घेतला. पुढं आल्या-गेल्याला कासवं दाखवताना आत्या म्हणे, “हा आमचा जयनगरचा बंगला.”

मोठ्याचं नाव थोरले, लहानाचं धाकटे, दोघांनाही अहो-जाहो. चिकपेटेतल्या एका साडीवाल्यानं मोडीत काढलेलं काचेचं कपाट आणून, ते आडवं पाडून, सांधे डांबरानं बुजवून आतोबांनी ओसरीवर टाकी केली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ते कासवांसाठी रात्रभर घागरीत उघडं ठेवायचं. पाहुण्यांना मात्र तेच पाणी थेट नळाचं. थंडीत बंबातलं पाणी मिसळून, तान्ह्या बाळाच्या आंघोळीसारखं कोपर बुडवून बघितल्याशिवाय ते टाकीत पडत नसे. आणि कचेरीतून आले की जोडे काढायच्या आधी एकच प्रश्न, “थोरले जेवले का?” आत्या फणकारायची, “मी जेवले का, ते एकदा तरी विचारा!” त्यावर आतोबा शांतपणे म्हणत, “तू काय, तोंडानं सांगतेस. त्यांना बोलता येत नाही.” आत्याला बोलता येत होतं, यावर गल्लीत दुमत नव्हतं.

पण घरात आलेलं कासव म्हणजे आत्याच्या लेखी साक्षात कूर्मावतार. मग त्याला मिळायचा तो नैवेद्य: रोज दूधभात, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. शुक्रवारी पाठीवर हळदकुंकू आणि दिवाळीत तेल-उटणं. पाठी अशा चकाकत की येणारा-जाणारा चप्पल काढून हात जोडी. या भक्तीत वर्ष गेलं आणि थोरल्यांनी अंथरूण धरलं. डोळे सुजून मिटले, पाठ हाताला ओल्या पापडासारखी मऊ लागू लागली, खाणं सुटलं. आतोबांनी गुरांच्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांचा सगळा जन्म म्हशींत गेलेला. त्यांनी जीभ बघायला मागितली, तेव्हा थोरल्यांनी डोकं जे आत घेतलं ते डॉक्टर फाटकाबाहेर जाईपर्यंत काढलं नाही. “अण्णा, हे फार दिवस काढेल असं वाटत नाही,” एवढं मात्र ते जाताना सांगून गेले. त्या दिवशी आतोबा जेवले नाहीत. टाकीपाशी नुसते बसून राहिले. त्या माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते देवळामागच्या तळ्याकाठी छत्री उघडून बसले आणि आठवडाभर बसतच राहिले. तळ्यातली कासवं सकाळभर दगडावर ऊन खात, पाठीला तेलाचं बोट नाही. भूक लागली की पाण्यात शिरून किडा, गोगलगाय, मासोळी, जे सापडेल ते मटकावत. “एकानंही दूधभाताची चौकशी केली नाही,” आतोबा मला म्हणाले. घरी येताच त्यांनी टाकी परसातल्या उन्हात नेली, अर्ध्या भागावर सावली धरली, बसायला सपाट दगड ठेवला आणि थोरल्यांच्या पाठीवरचं तेल-कुंकू घासून काढलं. राहिला प्रश्न जेवणाचा. कांदा-लसूणही न शिवणारा हा माणूस कोटाच्या खिशातून सुकी मासळी आणू लागला. पलीकडच्या कन्नड अक्कांनी भिंतीवरून विचारलं, “अण्णा, स्वल्प मीनाचा वास येतोय की! तुमच्याकडे कसा?” आत्यानं कोट झाडला आणि घर डोक्यावर घेतलं.

“रजा काढून हे खाता होय!” हा पहिला आरोप. मासळी थोरल्यांसाठी आहे, हे कळल्यावर तर ती जास्तच भडकली. “पहिला अवतार मत्स्य, दुसरा कूर्म. दुसऱ्यानं पहिल्याला खायचं? आणि तेही माझ्या घरात? सरी, ठीक आहे! मी चालले माहेरी.” माहेर म्हणजे आमचंच घर, दोन गल्ल्या सोडून. ट्रंक घेऊन ती खरोखरच आली. सकाळी आतोबा दारात उभे. रात्रभर विचार केलेला दिसत होता.

“अगं, दशावतार नीट आठव,” ते म्हणाले. “मासा आहे, कासव आहे, वराह आहे. गांडूळ आहे का?”

आत्यानं बोटांवर दहाही अवतार मोजले. “नाही,” ती नाइलाजानं म्हणाली. मग एकदम, “पण कल्की अजून यायचाय!”

“तो घोड्यावरून येणार आहे. जमिनीतून नाही.”

आत्यानं ट्रंक उचलली. त्या दिवसापासून आतोबा परसात खुरपं घेऊन गांडुळं उकरू लागले. हळूहळू थोरल्यांची पाठ टणक झाली, आणि एका सकाळी डोळे उघडून त्यांनी पहिलं काय केलं असेल तर आतोबांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. ते बोट आतोबांनी कचेरीभर मिरवलं.

पुढं काही वर्षांनी आतोबाच गेले. कासवं राहिली. दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी मी आत्याकडे गेलो, तर ती पदर खोचून परसात खुरपं चालवत होती. जिच्या सोवळ्याला आम्ही मुलं दुरून भीत असू, तिच्या ओंजळीत गांडुळं वळवळत होती. “नंतर पुन्हा आंघोळ करते,” मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “थोरले जेवले का?”

“जेवले.”

“आणि तू, आत्या?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “तुझ्या आतोबांनी जन्मात विचारलं नाही, आता तू कशाला माझी सवय बिघडवतोस?” असं म्हणून ती हात धुवायला न्हाणीघरात गेली. आतून पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तो थांबला, तरी ती बाहेर आली नाही.